कार्ब्युरेटरला सोसेल असा पंप

कार्ब्युरेटर बसला त्या दिवशी मला वाटले, काम झाले. खरे तर काम तिथून सुरू झाले. पुढचे दोन महिने एका पंपापायी मी इतका वैतागलो, की वर्गात फळ्यावर ‘दाब’ हा शब्द लिहितानासुद्धा चिडचिड व्हायची.

गाडी माझी नाही. माझ्या शाळेतल्या सरांची आहे. आमची वस्ती कडेगावच्या पूर्वेला, माळावर. मेंढरांमागे फिरणे हाच घरचा धंदा, आणि दहावीनंतर मीही कळपामागे जाणार हे ठरलेले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर वस्तीवर आले, वडिलांशेजारी घोंगडीवर बसून तासभर बोलले आणि पुढच्या सोमवारी मला त्यांच्या पांढऱ्या गाडीत घालून सांगलीला विश्रामबागेत घेऊन आले. कॉलेजात नाव घातले, वसतिगृहात जागा मिळवून दिली. आज त्याच विश्रामबागेत मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे सांगण्याचे कारण एवढेच, की त्याशिवाय मी पुढे जो मूर्खपणा केला त्याचा कुणाला अर्थ लागणार नाही.

सर आता पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. काकू आणि ते उंब्रजजवळ त्यांच्या गावी राहतात. गाडी तीच, गोल पाठीची, एके काळी प्रत्येक सरकारी कचेरीपुढे उभी असायची तसली. फक्त ती त्या बनावटीच्या नंतरच्या गाड्यांपैकी असल्यामुळे तिला इंजेक्शनचे इंजिन होते. म्हणजे पेट्रोल किती सोडायचे ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवायचा. गेल्या पावसाळ्याआधी तो कॉम्प्युटर गेला आणि सर भर हायवेवर, पुलाच्या चढाला, मागे मालट्रकांची रांग लावून अडकले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर मला स्पष्ट सांगितले, की दिवाळीला तो येईल तेव्हा गाडी कराडला जाऊन न थांबता परत आली पाहिजे. नाही आली तर लग्नांना जुन्या गाड्या भाड्याने देणारे एक गिऱ्हाईक त्याने बघून ठेवले आहे.

मी म्हणालो, येईल. सरांना तर त्याआधीच शब्द दिला होता.

तो कॉम्प्युटर कुठेच मिळेना. उंब्रजच्या सर्व्हिस रोडला ज्या मिस्त्रींचे गॅरेज आहे ते लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी इंजेक्शन काढून जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर बसवायचे सुचवले, आणि बसवलाही सुरेख. अडचण पंपाची. इंजेक्शनचा पंप टाकीच्या आत बसलेला असतो आणि तो पेट्रोल फार जोराने ढकलतो. कार्ब्युरेटरला तो जोर सोसत नाही. त्याच्यात एक वाटी असते, वाटीत तरंगणारा फुगा, आणि वाटी भरली की फुगा वर येऊन एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. ती सुई केवढीशी! मागून दहापट दाब आला तर ती काय धरणार? पहिल्याच दिवशी टाकीतला जुना पंप तसाच जोडून मिस्त्रींनी चावी फिरवली आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल कारंज्यासारखे वर आले.

“प्राध्यापक,” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “तुमी हेच शिकवता न्हवं पोरांना?”

मी हेच शिकवतो. त्यामुळे जास्त राग आला.

दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा आणि उरलेले पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत सोडावे, असे माझ्या मनात होते. पण सर गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा. म्हणाले, पेट्रोल आणि वीज एकत्र आणायचीच कशाला? पूर्वीच्या गाड्यांना इंजिनावर चालणारा पंप असायचा, ना वायर ना मोटर. तोच बसवा. इंजिन थांबले की पंप थांबतो, यापेक्षा सुरक्षित काय असणार?

बोलणे चुकीचे नव्हते. फक्त मला शंका होती, की इंजेक्शनच्या या इंजिनात तसला पंप चालवायची सोय ठेवलेली असेल का. जुन्या इंजिनात आतल्या दांड्यावर एक उंचवटा असतो, दांडा फिरताना तो पंपाची काडी दाबतो आणि सोडतो. इथे त्या जागी बाहेरून एक पत्र्याची झाकणी होती. झाकणीमागे काय आहे ते उघडून बघावे आणि मग पंप आणावा, एवढे साधे वाक्य मला बोलायचे होते. मी म्हणालो, “होय सर.”

आमच्याकडे मास्तरांपुढे असेच बोलतात. शाळेत ते आम्हाला कुणी शिकवले नाही. मोठी माणसे त्यांच्यापुढे टोपी काढून उभी राहताना बघितली होती, त्यातून आपोआप आले. सरांचे म्हणणे पटले नाही तर आपल्यालाच अजून कळलेले नाही असे समजायचे. चाळिशीला आलो, पोरांना शिकवतो, तरी गॅरेजमधल्या त्या खुर्चीसमोर मी दहावीतलाच होतो.

तो पंप मिळवायला तीन रविवार गेले. सांगलीतल्या दुकानात खोके मिळाले ते दुसऱ्याच गाडीच्या पंपाचे. कोल्हापुरातून आलेल्या पंपाची काडी आखूड निघाली. शेवटी सातारच्या एका भंगारवाल्याकडे बरोबर पंप सापडला. मी तो गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीने उंब्रजला उतरलो. मिस्त्रींनी झाकणीचे दोन बोल्ट काढले, विजेरीचा उजेड आत धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग माझा हात धरून बोट आत घालायला लावले. दांडा गुळगुळीत होता. उंचवटा नव्हता.

“कंपनीनं त्यो ठिवलाच न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “आता पंपाला काय तुमी हातानं हलवत बसणार?”

सरांना पटेना. ते स्वतः वाकले, बाही वर करून हात आत घातला आणि तेल लागलेले बोट कितीतरी वेळ बघत राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती. खरे सांगायचे तर संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हते. ती झाकणी उघडायला पाच मिनिटे लागली असती. माझ्या एका ‘होय सर’पायी तीन आठवडे गेले.

त्यानंतरचा उद्योग मात्र असा झाला, की तो आमच्याच भागात होऊ शकतो. मिस्त्रींच्या मेव्हण्याची तासगावला द्राक्षबाग आहे. पुढच्या रविवारी मी पोहोचलो तेव्हा पाठीवरच्या फवारणी पंपाची मोटर गाडीच्या चेसिसला बसवून तयार होती. बॅटरीवर चालणारी, मुठीएवढी, कृषी सेवा केंद्रात कुठेही मिळते ती. गाडीचीही बॅटरी बारा व्होल्टची, हिचीही बारा व्होल्टची. दाब जास्त होतो म्हणून मिस्त्रींनी एक तोटी लावून निम्मे पेट्रोल परत टाकीकडे वळवले होते, बागेत फवारा बारीक करायला लावतात तशी.

“दिवसभर बागंत चालती, दमत न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “हितं तर निस्तं बसून पेट्रोल पाजायचंय.”

गाडी चालू झाली. सुरळीत चालू झाली, हेच वाईट झाले. सर उठून बॉनेटपाशी आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की शाळेत बोर्डाचा निकाल वाचतानाही मी तसा पाहिला नव्हता. मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, हे खरे डोके. माझ्याकडे वळून म्हणाले, “काय, बरोबर ना रे?”

माझ्या डोक्यात त्या मोटरच्या आतला रबरी पडदा होता. तो पाण्यासाठी आणि पाण्यात मिसळलेल्या औषधासाठी बनवलेला. पेट्रोलमध्ये साधे रबर काय होते ते मी प्रयोगशाळेत पाहिलेले आहे. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. हे सगळे मला माहीत होते, आणि मी “होय सर” म्हणून चहा प्यायलो.

नऊ दिवस गाडी धावली. दहाव्या दिवशी संध्याकाळी मी विश्रामबागेत घरी पेपर तपासत असताना काकूंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. म्हणाल्या, तुळशीपुढे दिवा लावायला काडेपेटी घेऊन अंगणात आले होते, तर गाडीखाली पेट्रोलचे थारोळे. सर मंदिरात गेले आहेत. वासावरून कळले म्हणून बरे.

“आज दिवा लावला नाही,” त्या म्हणाल्या. “तू ये उद्या.”

मी रात्रभर त्या काडेपेटीचा विचार करत होतो असे लिहिले तर नाटकी वाटेल, पण खोटे नाही. सकाळी रजा टाकून मोटरसायकलने गेलो. मिस्त्री मोटर उघडून बसलेलेच होते. पडदा फुगून मऊ झाला होता, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, आणि एका कडेला फाटला होता.

“पेट्रोलात उसाचं अल्कोहोल घालत्यात न्हवं आता,” मिस्त्री म्हणाले. त्यांचाही ऊस कारखान्याला जातो. “आपलाच ऊस आपलीच गाडी खातोय बगा.”

एरवी हसलो असतो. त्या दिवशी मी त्यांना विचारले, की हे त्यांना माहीत नव्हते का. ते मान वर न करता म्हणाले, “मला न्हवतं म्हाईत. तुमाला व्हतं काय?”

मी तो फाटका पडदा हातात घेऊन उलटासुलटा करू लागलो. मिस्त्री समजले असावेत. त्यानंतर त्यांनी मला प्राध्यापक म्हणून चिडवले नाही, आणि ते जास्त लागले.

दिवाळीला तीन आठवडे राहिले. आता मी ठरवले, की कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठीच बनवलेला, कमी दाबाचा विजेचा पंप आणायचा, दुसरे काही नाही. ठरवणे सोपे होते. दुकानात उभे राहिले, की गल्ल्यावरचा माणूस विचारायचा, गाडी कुठली? गाडी सांगितली की तो यादीत बघून इंजेक्शनचा पंप काढून द्यायचा, कारण यादीत ही गाडी इंजेक्शनचीच. मी म्हणायचो, आता कार्ब्युरेटर बसवला आहे. तो म्हणायचा, असे कसे बसवले? मग मी सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून. एकाने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे तेच खोके पुन्हा पुढे सरकवले. मोबाइलवरून मागवलेला पंप आला, तो खोक्यावर कमी दाबाचा आणि आत जास्त दाबाचा. दिसायला दोन्ही सारखेच, बोटाएवढ्या नळीच्या डब्या, फरक फक्त कोरलेल्या आकड्यात. शेवटी प्रयोगशाळेतला दाबमापक बॅगेत घालून मी दुकानात गेलो आणि तिथेच बॅटरीला लावून पंप मोजला. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. पण पंप बरोबर निघाला. नळ्याही इथेनॉलला टिकतील अशाच घेतल्या.

बसवताना पुन्हा सर आलेच. पंप टाकीजवळ, खालच्या अंगाला बसला. त्याची वायर मी चावीवर घ्यायला सांगितली होती, म्हणजे चावी फिरवली की पंप चालू, काढली की बंद. सर म्हणाले, छे, वेगळे बटण हवे. गाडी उभी असताना चावी नुसती फिरवून रेडिओ ऐकायचा असला तर मोटर उगाच का जाळायची? आयुष्यभर प्रत्येक वर्गातून निघताना पंख्याचे बटण बंद करून बाहेर पडलेला माणूस. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. त्यांना न सांगता सगळे कळलेले होते, फक्त मी काय म्हणतो ते बघायचे होते.

तुळशीपुढच्या त्या पेट्रोलनंतरही मी म्हणालो, “होय सर.”

स्टिअरिंगच्या डावीकडे लाल बटण बसले.

दिवाळीत मुलगा आला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, मोजके बोलणारा. त्याला गाडीचा राग नाही. बाप हायवेवर मालट्रकांपुढे उभा राहिला होता ते त्याच्या डोळ्यांसमोरून जात नाही, एवढेच. सकाळी दहाला निघालो. सर चालवायला, मी शेजारी, मुलगा मागे. कराडला पोहोचलो, काकूंनी सांगितलेले सामान घेतले, परत फिरलो. गाडी इतकी छान चालली होती, की तासवड्याच्या टोलनाक्यापुढे आल्यावर मुलगा पहिल्यांदाच पुढे वाकून म्हणाला, “अण्णा, पिकअप चांगला आहे हं.”

पंपाची ठकठक मात्र येत होती. तो लोखंडाला थेट बोल्टने आवळल्यामुळे आवाज सगळ्या गाडीत उतरायचा. सर दोनदा म्हणाले, हे काय वाजते आहे. मी म्हणालो, पंप आहे. पुढे ते काही बोलले नाहीत. उंब्रजचा पूल दिसायला लागला, आणि इंजिनाने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ते बंद पडले. सरांनी कशीबशी गाडी डाव्या कडेला घेतली. मालट्रक हॉर्न देत शेजारून जात होते, प्रत्येक गेला की गाडी हलायची. आरशात मला दिसले, मुलाने खिशातून मोबाइल काढला होता.

मी खाली पाहिले. लाल बटण बंद होते. आवाजाला कंटाळून सरांनी ते मागेच कुठे तरी बंद केले होते आणि वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी पाऊण-एक किलोमीटर आली होती.

मी गुपचूप बटण दाबले असते तर गाडी चालू झाली असती, आणि पंप पुन्हा दगा देतो असे समजून मुलाने ती विकली असती. खरे सांगितले असते तर चालत्या गाडीचा पंप बापाने बंद केला हे त्याला कळले असते, आणि मग तो सरांना गाडी चालवू देणार नाही हेही मला दिसत होते. मी काही ठरवून बोललो नाही. दोन महिन्यांचा वैताग तोंडातून बाहेर पडला.

“सर, पंप तुम्ही बंद केलात.”

“वाजत होता फार.”

“तो वाजतो म्हणजेच चालतो. गाडी चालू असताना हे बटण बंद करायचंच नाही. खरं म्हणजे हे बटण इथं असायलाच नको होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं. फवारणीची मोटर टिकणार नाही हेही माहीत होतं, आणि ती झाकणी आधी उघडायला हवी होती हेसुद्धा.”

सर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. शाळेत ते असे झाले की अख्खा वर्ग खाली मान घालायचा. मग ते म्हणाले, “तुझ्या काकूला अंगणात काही झालं असतं तर?”

ते माझ्याकडे वळले.

“मी चुकतोय हे तुला कळत होतं आणि तू मान हलवत होतास,” ते म्हणाले. “यासाठी का रे तुला तुझ्या बापाकडून मागून घेतला होता?”

मागून मुलगा म्हणाला, “अण्णा, आधी गाडी इथून काढा.” मी बटण दाबले, पंप वाजू लागला, वाटी भरायला अर्धे मिनिट गेले आणि इंजिन चालू झाले.

दुपारी जेवणानंतर मुलाने त्याचा निर्णय सांगितला. गाडी राहू दे. पण हायवेला जायचे नाही. गावातून उंब्रजच्या बाजारापर्यंत, सर्व्हिस रोडने, बस. सरांनी वर पाहिले ते मुलाकडे नाही, माझ्याकडे. त्यांना वाटले असावे, की मी मुलाला समजावीन. पंप आता ठीक आहे, वायर चावीवर घेऊ, रबर घालून आवाजही कमी करू, असे सगळे मी सांगू शकलो असतो, आणि ते खरेच होते. पण पुलाअलीकडे मालट्रकांनी हलणारी गाडी माझ्या अंगात अजून होती.

“नाही सर,” मी म्हणालो. “हायवेला नको.”

ते उठून आत गेले. काकूंनी माझे ताट उचलता उचलता हळूच म्हटले, की बोललास ते बरे झाले. मला ते बरे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी लाल बटण काढून वायर चावीवर घेतली आणि पंपाखाली रबराच्या चकत्या घातल्या. सर गॅरेजमध्ये आले नाहीत. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी फोनवर तब्येतीपुरते बोलले. आता बोलतात, पण पंपाचा विषय काढत नाहीत, आणि काही विचारायचे असेल तर आधी म्हणतात, तुला खरेच काय वाटते ते सांग. हे वाक्य ऐकले की मला दर वेळी अवघडल्यासारखे होते.

गाडी चालते. पंपाने आजवर एकदाही दगा दिलेला नाही. काकू सांगतात, की सर बाजारातून येताना सर्व्हिस रोड जिथे हायवेला मिळतो तिथपर्यंत गाडी नेतात, इंजिन चालू ठेवून थोडा वेळ थांबतात, आणि वळवून घरी येतात.